बावीस वर्षांचा प्रवासी

साहेबांना त्यांच्या गावी सगळे पाठीमागे नापासराव म्हणत. तोंडावर अर्थातच साहेब. वाहन परवान्याच्या कचेरीत ते परीक्षक होते. म्हणजे परवाना मागायला आलेल्या माणसाच्या शेजारी गाडीत बसायचं, त्याला गाडी चालवायला लावायची आणि तो ती कशी चालवतो ते बघायचं, एवढं त्यांचं काम. बावीस वर्षं त्यांनी ते डोळ्यांत तेल घालून केलं. कोणाची चिठ्ठी चालली नाही की कोणाचा चहा चालला नाही. एकदा त्यांनी स्वतःच्या डॉक्टरला नापास केलं आणि पुढच्याच आठवड्यात ताप आला तेव्हा त्याच डॉक्टरकडे जाऊन मुकाट्याने इंजेक्शन टोचून घेतलं. ते जरा जास्तच दुखलं असं त्यांचं म्हणणं होतं, पण डॉक्टरच्या हातावर शंका घेणं त्यांच्या तत्त्वात बसेना.

त्यांची बायकोही त्यांच्याकडे नापास झालेलीच होती, आणि तेही दोनदा. ती तेव्हा नुकतीच दवाखान्यात परिचारिका म्हणून लागली होती. पहिल्यांदा आली तेव्हा साहेबांनी ती पुरती बसायच्या आत तिचा पट्टा तपासला आणि उतरायच्या आत तिला नापास केलं. दुसऱ्यांदा आली, तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा येण्याआधी लग्न ठरलं आणि नातेवाइकाची परीक्षा घ्यायची नाही या नियमात ती अडकली. सहकाऱ्याकडे पाठवतो, असं साहेब म्हणाले, पण तिने ऐकलं नाही. परक्याकडून पास होण्यापेक्षा आपल्या माणसाकडून नापास झालेली बरी, असं म्हणून तिने गाडीचा नादच सोडला. ही गोष्ट ती घरी येणाऱ्या प्रत्येकाला रंगवून सांगायची आणि शेवट ठरलेला असायचा: "गाडी मी झकास चालवली होती हो. पण साहेबांना मला पुन्हा बघायचं होतं, मग करतात काय बिचारे?" पाहुणे हसायचे. साहेबही खाली मान घालून हसायचे. जावा, नणंदा, शेजारपाजार, सगळ्यांना ती गोष्ट पाठ झाली होती आणि नापासराव या नावावर तेवढा एक हळवा डाग पडला होता.

मग परदेशातल्या एका इस्पितळाने बायकोला बोलावलं. साहेबांनी फारसा विचार न करता राजीनामा दिला. आपल्यासारखा अनुभवी परीक्षक कोणताही देश डोक्यावर घेऊन नाचेल याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. रस्ते सगळीकडे रस्तेच असतात, असं ते निरोपाच्या समारंभात म्हणाले होते. टाळ्याही पडल्या होत्या. ज्यांना त्यांनी नापास केलं होतं त्यांनी तर जरा जास्तच वाजवल्या.

नव्या देशात बाहेरच्या माणसाचा अनुभव मोजून देणारी एक कचेरीच होती. बायको आधी गेली. तिच्या नोकरीतली निम्मी वर्षं त्यांनी भाजीचे देठ काढावेत तशी काढून टाकली आणि उरलेल्यांवर तिला कनिष्ठ परिचारिका केलं. तिने खांदे उडवले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. साहेबांची पाळी आली तेव्हा समोर एक हसरी बाई होती. इतकी हसरी की साहेबांना तेव्हाच संशय यायला हवा होता. तिने सगळी प्रमाणपत्रं नीट वाचली आणि आदबीने विचारलं, की या बावीस वर्षांत गाडी कोण चालवत होतं?

"उमेदवार," साहेब म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी शेजारी बसायचो."

बाईने मान डोलावली. खूप समजूतदारपणे डोलावली. मग त्यांच्या संगणकात या कामासाठी जवळात जवळचा जो रकाना होता त्यात तिने साहेबांना बसवलं. तो रकाना प्रवाशाचा होता. शिवाय साहेबांचा स्वतःचा परवाना इथे चालणार नव्हता. तो पहिल्या इयत्तेपासून, म्हणजे शिकाऊ परवान्यापासून, काढावा लागेल असं तिने सांगितलं आणि शुभेच्छा दिल्या. साहेब जिना उतरले तेव्हा त्यांचे कान तापले होते. बावीस वर्षं प्रवासी! घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं तेव्हा तिने पोळपाटावरची नजर न हलवता विचारलं, की मग इतकी वर्षं तिकिटाचं कसं केलंत? साहेब दोन दिवस तिच्याशी कामापुरतं बोलले.

काम मात्र मिळायला हवं होतं. बायको इस्पितळातून यायची ती पाय सुजवून, आणि साहेब दिवसभर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत खिडकीशी उभं राहून खालच्या चौकातल्या चालकांना नापास करत बसायचे. एका सकाळी तर त्यांनी कचरागाडीलाही नापास केलं. पण माणसाचा जीव असा किती दिवस रमणार? सकाळी दाढी करून कुठेच जायचं नसलं की आरशातला माणूस फार वेळ बघवत नाही, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. तिला ते न सांगताच कळलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी, कपडे धुऊन देणाऱ्या दुकानाला लागून, एक गाडी शिकवणारी शाळा होती. एक खोली, चार खुर्च्या, भिंतीवर रस्त्यांच्या खुणांचा तक्ता आणि कुंडीत एक झाड, जे खरं की खोटं ते हात लावल्याशिवाय कळत नसे. मालकीणबाई दणकट होत्या आणि बोलायला रोखठोक. साहेबांनी आपली कहाणी सांगितली. मालकीणबाईंनी ती पूर्ण ऐकली, हे विशेष. त्यांचा एक शिकवणारा तीन महिन्यांनी बस चालवायला जाणार होता. त्याची जागा साहेबांना द्यायला त्या तयार होत्या. अट एकच. आधी इथला परवाना काढायचा. शिकवणाऱ्याकडे परवाना नाही असं कसं चालेल? साहेबांनाही ते पटलं. नियम त्यांना नेहमीच पटायचे, स्वतःच्या मुळावर आलेलेसुद्धा.

"तुम्हाला मात्र जड जाईल," मालकीणबाई म्हणाल्या. "ज्याला काही येत नाही त्याला मी महिन्यात तयार करते. अनुभवी माणसाचं आधी पुसावं लागतं."

साहेब हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करतायत.

पहिल्याच दिवशी गंमत कळली. इथे रस्त्याची बाजू उलटी होती आणि गाडीचं चाकही उलट्या बाजूला. साहेबांनी आयुष्यभर गाडीचं डावीकडचं दार उघडलं होतं, कारण परीक्षकाची जागा डावीकडे. इथेही त्यांनी सवयीने डावीकडचंच दार उघडलं आणि ऐटीत बसले. जागा तीच, बसणारा तोच, फक्त पुढ्यात चाक आलं होतं. शेजारी मालकीणबाई येऊन बसल्या, आणि साहेब त्यांच्याकडे वळून म्हणाले, "चला, सुरू करा."

पुसायचं म्हणजे किती पुसायचं! पहिल्या परीक्षेत साहेब नापास झाले, कारण त्यांची नजर रस्त्यावर राहीना. ती सारखी शेजारच्या परीक्षकाच्या हातातल्या कागदाकडे जायची. हा खुणा कुठे करतोय, बरोबर करतोय का, एक चूक याने सोडली की काय? समोर लाल दिवा लागला तेव्हा साहेब त्याच्या अक्षराला मनातल्या मनात नावं ठेवत होते. दुसऱ्या परीक्षेत त्यांनी नजर अगदी समोर ठेवली. परीक्षक म्हणाला, पुढच्या चौकात डावीकडे. साहेबांनी खणखणीत आवाजात ते पुन्हा सांगितलं, "पुढच्या चौकात डावीकडे घ्या," कारण घाबरलेल्या उमेदवाराला एकदा सांगून ऐकू जात नाही असा त्यांचा अनुभव होता. मग ते वाट बघत बसले. चौक आला, चौक गेला, गाडी नाकासमोर सरळ चाललेली. हा वळत का नाही म्हणून साहेबांनी रागाने शेजारी पाहिलं, तर परीक्षक त्यांच्याकडे बघत होता.

दरम्यान बायको पास झाली. इस्पितळातून सुटल्यावर ती त्याच शाळेत शिकायला जायची. मालकीणबाईंनी महिन्यात तिला तयार केलं आणि ती पहिल्याच फटक्यात परवाना घेऊन आली. मालकीणबाईंनी साहेबांना मुद्दाम बोलावून सांगितलं, की हिला काहीच येत नव्हतं, त्यामुळे फार सोपं गेलं. साहेबांनी बायकोचं अभिनंदन केलं. मनापासून केलं, पण त्यांना ते तितकं सोपं गेलं नाही. ज्या बाईला त्यांनी स्वतःच्या सहीने दोनदा घरी पाठवलं होतं, ती आता एक जुनी लहानशी गाडी घेऊन त्यांना बाजारात नेत होती आणि ते शेजारी बसत होते. तिचा वेग वाढला की साहेबांचा पाय आपोआप पुढे जाऊन रिकाम्या जागी दाबायचा. तिथे ब्रेक नव्हता, नुसती रबरी चटई होती. थोड्याच दिवसांत त्या चटईला टाचेखाली भोक पडलं. बायको म्हणाली, बरं झालं, गाडी कुठून थांबते ते मला माहीतच नव्हतं.

तिसरी परीक्षा तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस आली. तीनदा नापास झालं की सहा महिने पुन्हा बसता येत नाही, हा नियम. आणि मालकीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, की त्या या परीक्षेपर्यंत थांबतील, मग दुसऱ्याला घेतील. एक मुलगा रांगेत होता. त्याला कसलाच अनुभव नव्हता, म्हणजे पुसायचंही काही नव्हतं, आणि ती त्याची मोठी जमेची बाजू होती. साहेबांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला. बायकोने पाळी बदलून घेतली, त्यांना परीक्षेच्या ठिकाणी सोडलं आणि बाहेर गाडीतच थांबली. उतरताना तिने त्यांच्या हातात काहीतरी ठेवलं. ती गाडीची दुसरी किल्ली होती, नव्या कडीत अडकवलेली. "येताना तुम्ही चालवा," ती म्हणाली.

परीक्षक तरुण होता आणि सर्दीने बेजार होता. नाक लाल, डोळे पाणावलेले, खिशातून दर मिनिटाला रुमाल बाहेर. साहेबांना तो पाहताक्षणी पसंत पडला नाही. आजारी माणसाने परीक्षा घेऊ नये, हे त्यांचं जुनं मत. पण आज त्यांनी मतं गाडीबाहेर ठेवली होती. कागदाकडे पाहिलं नाही. सूचना पुन्हा उच्चारली नाही, फक्त ओठ हलले. गाडी जागेवरून निघाली ती लोण्यातून सुरी फिरावी तशी. उतारावर थांबवून पुन्हा चढवली. दोन गाड्यांच्या मधे मागे घेऊन लावली. एका म्हाताऱ्या बाईला रस्ता ओलांडू दिला. तिने हात केला तेव्हा साहेबांनी हलकी मान तुकवली. कितीतरी महिन्यांनी त्यांना आपण चांगले आहोत असं वाटत होतं, आणि ते वाटणं फार गोड होतं. त्या गोडीतच त्यांनी शेवटचं उजवं वळण घेतलं.

त्याच वेळी परीक्षकाला शिंक आली. एक नाही, लागोपाठ. त्याचं तोंड रुमालात होतं तोवर वळण संपलं, गाडी आवारात आली, रेषांच्या बरोबर मधे उभी राहिली. परीक्षकाने नाक पुसलं, कागदावर सही केली आणि म्हणाला, "छान. तुम्ही पास."

आता इथे कोणीही शहाणा माणूस धन्यवाद म्हणून उतरला असता. तुम्ही उतरला असतात, मी तर धावत उतरलो असतो. साहेब उतरले नाहीत. ते चाकावर हात ठेवून समोर बघत राहिले. खिशातल्या किल्लीची कडी मांडीला टोचत होती.

"शेवटच्या वळणाला," ते शेवटी म्हणाले, "मी मागे वळून पाहिलं नाही."

परीक्षकाला कळलं नाही. साहेबांनी समजावून सांगितलं. उजवीकडे वळण्याआधी खांद्यावरून मागे बघायचं असतं, आरशात न दिसणारा सायकलवाला तिथे असू शकतो. त्यांनी बघितलं नव्हतं. परीक्षक शिंकत होता म्हणून त्याला ते दिसलं नाही.

"पण सायकलवाला नव्हता ना?" परीक्षक म्हणाला.

"तो होता की नव्हता हा परीक्षेचा विषय नाही."

परीक्षकाने घड्याळाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. मी सही केली आहे, विषय संपवा, असं त्याने चांगल्या शब्दांत सांगितलं. साहेबांना विषय संपवता येईना. खरं सांगायचं तर त्यांना ती नोकरी हवी होती, फार हवी होती. बायकोचे सुजलेले पाय त्यांना दिसत होते. पण त्यांच्यासमोर आणखीही माणसं उभी होती. परवाना मिळाला तर टॅक्सी मिळेल म्हणून हात जोडणारा एक, नापास ऐकून बाकावर बसून रडलेला एक, तो डॉक्टर, आणि असे कितीतरी. त्या सगळ्यांना त्यांनी एवढ्याशाच चुकीसाठी परत पाठवलं होतं, आणि ते बरोबर होतं असा त्यांचा विश्वास होता. आज ही चूक चालली, तर ती तेव्हाही चालली असती. मग बावीस वर्षं ते शेजारी बसून काय करत होते? मग त्या हसऱ्या बाईचंच खरं.

परीक्षक आता वैतागला होता. "तुम्ही आधी काय काम करत होतात?" त्याने विचारलं.

"हेच."

"हेच म्हणजे?"

"तुम्ही करता तेच. बावीस वर्षं."

तरुणाने रुमाल खिशात कोंबला. मग त्याने विचारलं, "मागे न बघता वळलेल्याला तुम्ही तिकडे काय द्यायचात?"

"नापास."

परीक्षकाने कागद पुन्हा पुढे ओढला, आपली सही खोडली आणि दुसऱ्या रकान्यात केली. "मला खरंतर तुम्हाला सोडायचं होतं," तो म्हणाला. "पण एवढ्या अनुभवी माणसापुढे मी काय बोलणार?"

अशा रीतीने नव्या देशात साहेबांचा परदेशातला अनुभव पहिल्यांदा कोणीतरी जमेस धरला, आणि पूर्णच्या पूर्ण धरला. एक वर्षही कापलं नाही.

बायको फाटकाबाहेर गाडीत बसून होती. ते आले तेव्हा ती चालकाच्या जागेवरून उठून पलीकडे सरकायच्या बेतात होती. साहेब तिकडे गेले नाहीत. ते नेहमीच्या जागेवर, भोक पडलेल्या चटईवर पाय ठेवून बसले. मग साहेबांनी सगळं सांगितलं, शिंकेसकट.

तिला आधी हसू आलं. हसता हसता ते थांबलं आणि ती कपाळाला हात लावून बसली. मालकीणबाईंना फोन करायला हवा, असं ती म्हणाली. साहेब म्हणाले, केला. त्या मुलाला त्यांनी उद्यापासून यायला सांगितलं. ती हो म्हणाली. रागावली नाही, आणि तेच साहेबांना सोसेना. रागावली असती तर निदान काही बोलता आलं असतं.

थोड्या वेळाने ती समोर बघतच म्हणाली, "म्हणजे कोणी बघितलं नव्हतं. तो पास म्हणाला होता. आणि तुम्ही स्वतःच स्वतःला नापास केलंत."

"हो."

"अहो," तिचा आवाज एकदम बदलला, "मग तेव्हा माझं?"

साहेबांना प्रश्न कळला. इतक्या वर्षांत तो कोणी विचारला नव्हता.

"तेव्हा मला पुन्हा बघायचं होतं म्हणून नापास केलं होतंत ना?"

पाहुण्यांसमोर खाली मान घालून हसणं सोपं होतं. इथे पाहुणे नव्हते. "मागचं चाक रेषेला लागलं होतं," साहेब म्हणाले.

"आणि दुसऱ्या वेळी?"

"वळताना हात दाखवला नाहीस."

फाटकातून एक बाई नाचत बाहेर आली, पास झालेली असावी, आणि तिच्या माणसांनी तिला मिठ्या मारल्या. "माझ्या सगळ्या जावांना सांगितलंय मी," बायको शेवटी म्हणाली. "इस्पितळातसुद्धा सगळ्यांना सांगितलंय. इतकी वर्षं तुम्ही नुसते ऐकत होतात? एकदाही म्हणाला नाहीत की हे खोटं आहे?"

"तू सांगताना ऐकायला बरं वाटायचं."

ती त्यांच्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हसायच्या बेतात होते, दोन्हीचं एकमत होत नव्हतं. "म्हणजे जन्मात एक चूक तरी चालवून घेतलीत," ती म्हणाली.

मग तिने पट्टा लावला, आरसे पाहिले आणि गाडी मागे घेतली. मागचं चाक पदपथाच्या कडेला चांगलंच घासलं. साहेबांचा पाय चटईच्या भोकात गेला आणि तिथेच राहिला. गाडी थांबवून ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"चाक लागलं का हो?"

साहेब खिडकीबाहेर बघत होते. "छे," ते म्हणाले, "कुठे काय."

"लागलं," बायको म्हणाली. "मला चांगलं कळलं." आणि खांद्यावरून मागे बघून तिने गाडी रस्त्याला लावली.